बटाट्याची कोशिंबीर पाणचट का होते, आणि मसाला बटाट्यात उतरतो कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काकू, दह्यातली बटाट्याची कोशिंबीर करते, पण दही वेगळं आणि बटाटा वेगळा लागतो. तासाभरात खाली पाणी सुटतं. कधी फोडी मोडून लगदा होतो, तर कधी बाहेरून मऊ आणि आतून कचवट राहतात. पुढच्या महिन्यात घरी 20 माणसं जेवायला आहेत. बटाट्याचे दोन प्रकार ठेवायचेत, एक गार, एक गरम. माझं नक्की काय चुकतंय?"

मी 24 वर्षं डोंबिवलीत जेवणाचे डबे दिले, अधूनमधून घरगुती कार्यांच्या ऑर्डरीही घेतल्या. त्या सगळ्या वर्षांत बटाट्याशिवाय आठवडा गेला नाही. तेव्हा आधी सरळ उत्तर देते, मग तपशील.

तुमचं दही चुकत नाही, फोडणीही चुकत नाही. वेळ चुकते आहे. बटाटा गरम असताना चव आत घेतो, गार झाला की घेत नाही. म्हणून मीठ, मिरची आणि आंबट हे गरम फोडींना लावायचं, दही फोडी पूर्ण गार झाल्यावर घालायचं आणि फोडणी सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. उकडलेले बटाटे फ्रीजमधून काढतो, चिरतो, दह्यात मीठ-साखर कालवतो आणि त्यात फोडी सोडतो. मग मीठ दह्यात राहतं आणि बटाटा आतून अळणी राहतो.

खात्री करायची असेल तर एकदा हे करून बघा. दोन बटाटे एकत्र उकडा. एक लगेच सोलून फोडी करा आणि वाफ असतानाच त्यावर चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा निम्मा रस घाला. दुसरा तसाच सालासकट फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन तासांनी त्याला तेवढंच मीठ, तेवढाच रस लावा. दोन्हीची एकेक फोड मधोमध कापून मधला भाग खा. पहिल्यात आंबट-खारट आतपर्यंत लागेल. दुसऱ्यात ते जिभेला लागतं, पण चावायला गेलं की नुसता बटाटा उरतो. माझ्याकडे मदतीला नवीन बाई आली की मी पहिल्या दिवशी हेच करायला लावायची. त्यानंतर सांगावं लागत नसे.

कारण साधं आहे. बटाट्यातलं स्टार्च 60 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतं आणि शिजलं की मऊ खळीसारखं होतं. तोवर त्यात काहीही मुरतं. थंड झालं की तेच स्टार्च घट्ट बसतं, जशी पातेल्यातली खळ गार झाल्यावर थिजते तशी. घट्ट बसल्यावर बाहेरचं आत जात नाही. हाच गुणधर्म काही पदार्थांना उपयोगी पडतो, ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट आधी ठरवा, कारण दोन्ही प्रकारांची चव त्यावर ठरते. आपल्या पानात डावी बाजू आणि उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. बटाटा दोन्हीकडे बसतो, असे पदार्थ थोडेच. डावीकडचा पदार्थ चमचा-दोन चमचे वाढला जातो आणि बोटाने चाटून वरण-भाताच्या मध्ये खाल्ला जातो, म्हणून तो चढा हवा: आंबट ठसठशीत, मिरची जाणवणारी, मीठ पुरेपूर. उजवीकडची बटाट्याची भाजी पोळीबरोबर घास-घास खायची, तिला तेवढा चढेपणा नको. अनेक जणी दोन्ही एकाच हाताने करतात, मग कोशिंबीर मिळमिळीत वाटते. गार पदार्थाचं मीठ तसंही जिभेला कमी लागतं. कोशिंबीर कोमट असताना चाखली तर ती किंचित खारट वाटायला हवी.

आता बटाट्याबद्दल. बाजारात सगळे बटाटे "बटाटे" म्हणूनच मिळतात, फार तर भाजीवाला तळेगाव, इंदूर, आग्रा एवढं सांगतो. पण स्वयंपाकाला दोनच जाती कळल्या तरी पुरे: एक फोड धरून ठेवणारा, चिकणा, दुसरा फुटणारा, पिठूळ. कोशिंबिरीला पहिला, वड्याला आणि पराठ्याच्या सारणाला दुसरा. नवा बटाटा, ज्याचं साल अंगठ्याने घासलं तरी निघतं, तो चिकणा असतो, त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. जाड, खरखरीत सालाचा जुना बटाटा बहुधा पिठूळ निघतो. शंका असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि कच्चा बटाटा त्यात सोडा. पिठूळ बटाटा बुडतो, चिकणा तरंगतो. स्टार्च जास्त म्हणजे बटाटा जड, एवढंच त्यामागचं गणित. मोठी ऑर्डर असली की पोत्यातले चार-पाच बटाटे काढून मी ही परीक्षा करायची, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं.

परदेशात असणाऱ्यांना हे सोपं आहे. जर्मनीत पाकिटावर 'फेस्टकोखेंड' लिहिलेलं असतं ते कोशिंबिरीचं, 'मेलिशकोखेंड' ते कुस्करायचं. अमेरिकेत लाल सालाचे बटाटे कोशिंबिरीला घ्या, रसेट घेऊ नका, तो दह्यात विरघळतो. युकॉन गोल्ड दोन्हींच्या मधला आहे, भाजीला छान.

आणि कोल्ड स्टोरेजचा बटाटा. उत्तरेत रब्बीचा बटाटा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि पुढे कित्येक महिने शीतगृहातून येत राहतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. असा बटाटा उकडून खाल्ला तर गुळचट लागतो आणि तळला तर आत शिजायच्या आधी काळपट होतो. घरी कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवले तरी हेच होतं. ते टोपलीत, अंधारात, हवा लागेल असे ठेवा, कांद्यापासून लांब. बटाटा गोडसर लागला तर कोशिंबिरीतली साखर वगळा आणि लिंबू थोडं वाढवा. हिरवट पडलेला बटाटा मात्र कशालाच घेऊ नका. तो हिरवेपणा उजेडाने येतो, पण त्याच्याबरोबर सालाखाली कडवट, पोटाला त्रास देणारं द्रव्य साठतं आणि ते उकडून जात नाही. थोडासा डाग असेल तर जाड कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर फेकून द्या.

उकडणं. बाहेरून लगदा आणि आतून कचवट, हे तुमचं दुखणं इथलं आहे. पाणी खळखळ उकळल्यावर त्यात मोठे बटाटे टाकले की बाहेरचा थर आतल्याच्या कितीतरी आधी शिजतो. पातेल्यात करत असाल तर बटाटे गार पाण्यातच घाला, वर दोन बोटं पाणी, आणि उकळी आल्यावर आच इतकी बारीक करा की पाणी नुसतं थरथरेल. मध्यम बटाट्याला त्यानंतर 20 ते 25 मिनिटं लागतात. लिटरभर पाण्याला दोन लहान चमचे मीठ घाला. सालासकट बटाट्यात ते फारसं शिरत नाही, पण साल तडकलं तर आतला गर फिका पडत नाही. सगळे बटाटे साधारण एकाच आकाराचे घ्या. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण निम्मा बिघाड इथेच होतो.

कुकर वापरायचा तर बटाटे पाण्यात बुडवू नका. डब्यात पाणी न घालता ठेवा, म्हणजे ते वाफेवर शिजतात आणि पाणी पीत नाहीत. मध्यम बटाट्याला दोन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर चार-पाच मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी वर करून वाफ काढली की आतला दाब एकदम उतरतो आणि साल फाटून बटाटा फुलतो. शिजला की नाही हे पाहायला सुरीचं टोक मधोमध खुपसून बटाटा वर उचला. सुरीवरून तो हळूच आपोआप घसरून खाली पडला तर झाला. अडकून राहिला तर अजून पाच मिनिटं. खुपसतानाच दुभंगला तर तो वड्यांसाठी बाजूला ठेवा.

आता मुख्य कोशिंबीर. अर्धा किलो बटाट्यांचं प्रमाण देते. बटाटे हाताला चटका बसेल इतके गरम असतानाच सोला, डाव्या हातात फडकं धरून. सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या फोडी करा आणि परातीत पसरा, ढीग करू नका. मिनिट-दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. फोडींच्या कडा ओलसर चकचकीत दिसतात त्या किंचित कोरड्या, पांढुरक्या दिसायला लागल्या की थांबा. हाच तो क्षण. आधी घातलं तर वाफेचं पाणी मीठ धुऊन नेतं, उशीर केला तर फोड मिटते. आता दोन हिरव्या मिरच्या, अर्ध्या इंचाचं आलं, अर्धा लहान चमचा जिरं आणि एक लहान चमचा मीठ हे सगळं खलबत्त्यात एकत्र कुटून ठेवलेलं असेल ते फोडींवर पसरा, वर अर्ध्या लिंबाचा रस आणि पाव चमचा साखर. चमच्याने ढवळू नका, परात दोन्ही हातांनी धरून पाखडल्यासारखी हलवा. मग पंधरा-वीस मिनिटं तशीच उघडी राहू द्या. झाकलीत तर वाफेचं पाणी परत पडेल.

मिरची मिक्सरमधून न काढता कुटायला का सांगते? मिठाबरोबर कुटलेल्या मिरचीचा रस निघतो आणि तो फोडीत शिरतो. सुरीने चिरलेल्या मिरचीचे तुकडे दह्यात नुसते फिरत राहतात, एखाद्याच्या घासात तीन येतात, एखाद्याच्या एकही नाही.

दही दीड वाटी, शक्यतो सायीचं, आदल्या रात्री लावलेलं, आंबट नसलेलं. सुती फडक्यात अर्धा तास टांगून ठेवा. चक्क्याइतकं घट्ट करायचं नाही, मोकळं पाणी गेलं की पुरे. रवीने घुसळू नका, नुसतं चमच्याने मोडा. घुसळलेलं दही पातळ होतं आणि पातळच राहतं. फोडी तळव्याला गार लागल्या की मगच त्या दह्यात घाला. कोमट फोडीवर दही घातलं की ते फाटल्यासारखं होतं, पाणी सुटण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण मीठ, कारण मीठ दह्यातलं पाणी बाहेर ओढतं. आपण मीठ आधीच बटाट्याला दिलं आहे, त्यामुळे दह्याला वेगळं लागत नाही. तिसरं कारण कच्चा कांदा आणि काकडी. घालायच्या असतील तर अगदी पानं वाढताना घाला.

ही गोष्ट मी महाग पडून शिकले. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मुंजीचं 40 पानांचं जेवण होतं. गडबड नको म्हणून मी सकाळी आठलाच दही, मीठ, बटाटा, कांदा सगळं कालवून पातेलं झाकून ठेवलं. साडेबाराला झाकण काढलं तर वर दोन बोटं आंबट पाणी आणि खाली चोथा. पंगत बसली होती. ताक करून वाढलं, कोशिंबीर पानात गेलीच नाही. त्या घरच्या आजी काही बोलल्या नाहीत, पण पानाच्या डाव्या बाजूची रिकामी जागा मला अजून दिसते. तेव्हापासून दही वाढण्याच्या अर्धा तास आधी, त्याआधी नाही.

फोडणीला एक मोठा चमचा तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, सहा मेथीदाणे, चिमूटभर हिंग, कढीपत्ता. मेथीदाणे मोजूनच घाला आणि ते बदामी झाले की पुढे जा, काळे झाले तर सगळी कोशिंबीर कडू. हळद मी या कोशिंबिरीत घालत नाही, पांढरी छान दिसते. फोडणी एक मिनिट निवू द्या आणि मग ओता. दोन मोठे चमचे दाण्याचं कूट घालायचं तेही शेवटी, कारण कूट दह्यातलं पाणी पितं आणि बसलं की कोशिंबीर घट्ट गोळा होते. कूट भरड हवं. त्याची पूड केली तर दह्याला पिठाची चव येते.

सांडगी मिरची घरात असेल तर फोडणीच्या तेलात आधी तीच तळून घ्या. ती मंद आचेवर फुगते, गडद तपकिरी होते आणि आतल्या मसाल्याचा खमंग वास येतो, तेव्हा काढा. गार झाली की बोटांत कुरकुरीत चुरते. अर्धी चुरून कोशिंबिरीत, अर्धी वरून. त्या मिरचीला स्वतःचं मीठ असतं, त्यामुळे बटाट्याचं मीठ थोडं कमी करा.

आणखी एक जुनी पद्धत आहे, जी आता फार थोड्या घरांत राहिली आहे आणि ती जावी असं मला मनापासून वाटत नाही: फेसलेली मोहरी. एक लहान चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक कुटायची, त्यात दोन चमचे गार पाणी आणि चिमूट मीठ घालून चमच्याने फेटत राहायचं. दोन-तीन मिनिटांत ती हलकी, फिकट होते, फेस धरते आणि वास नाकात चढतो, डोळ्यांत पाणी येतं. पाच मिनिटं ठेवून दह्यात मिसळायची. आख्ख्या मोहरीत हा झणका नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की तो तयार होतो, म्हणूनच पाणी गार हवं. गरम पाणी घातलं तर झणका येतच नाही, नुसता कडवटपणा राहतो. लिंबूही फेसताना घालू नका. फेसलेली मोहरी घातली तर वर मोहरीची फोडणी नको, नुसती तुपात हिंग-जिऱ्याची चालते. लाल भोपळ्याच्या भरिताला हे बहुतेकांना ठाऊक असतं, बटाट्याला ते तितकंच शोभतं. झणका तासाभरात उतरायला लागतो, तेव्हा फेसायचं काम पाहुणे आल्यावरच.

उपासाला हीच कोशिंबीर करताना मोहरी, हिंग, मेथी जातात. तुपात जिरं आणि हिरवी मिरची, भरपूर कूट, एवढंच. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते, काहींत नाही, पाहुण्यांना आधी विचारा. उपासाची गरम भाजीही अशीच, फक्त दही नाही. तिच्यात कूट गॅस बंद केल्यावर घाला. आचेवर परतत बसलात तर दाण्याचं तेल सुटतं आणि भाजी चिकट होते.

दही नको असेल तर चिंचेची करा. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून घट्ट कोळ काढा, त्यात गूळ, तिखट, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि हे गरम फोडींवर. गार झाल्यावर कच्चा कांदा, कोथिंबीर, वर थोडी कारळ्याची चटणी. दही नसल्याने ही तासभर आधी करून ठेवता येते, उलट मुरल्यावर चांगली लागते. प्रवासाच्या डब्याला मी हीच द्यायची.

आंबटाबद्दल एक सावधगिरी. चिंच, कैरी, टोमॅटो, आमसूल यांतलं काहीही कच्च्या बटाट्याबरोबर शिजायला टाकू नका. आंबटात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट धागा विरघळत नाही, आणि बटाटा कितीही उकळला तरी टणक राहतो. रस्सा करताना बटाटा पुरता शिजला की मग आंबट. पुष्कळांचा "हा बटाटा शिजतच नाही" म्हणून भाजीवाल्यावर राग असतो, त्यातला बराचसा टोमॅटोचा दोष असतो.

आता उजवी बाजू, म्हणजे गरम प्रकार. 20 माणसांना मी लग्नातली पिवळी सुकी भाजीच सुचवेन, कारण ती बिघडायला जागा कमी. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, बारीक चिरलेली मिरची, किसलेलं आलं, शेवटी हळद आणि लगेच बटाट्याच्या फोडी, कारण हळद तेलात जळते. मीठ, थोडी साखर, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ, मग लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडींपैकी दोन-तीन मूठ कुस्करून घाला, म्हणजे मसाला बाकीच्या फोडींना धरून राहतो. इथे आदल्या दिवशी उकडलेले बटाटे नकोत, सकाळी उकडलेले घ्या.

काचऱ्या मात्र 20 माणसांना करू नका. त्या चार माणसांच्याच. बटाटा सालासकट पातळ, एकसारखा चिरून पाण्यात धुवायचा, फडक्यावर कोरडा करायचा, लोखंडी कढईत फोडणीवर घालून आधी तीन मिनिटं झाकून आणि मग उघड्यावर, हलक्या हाताने. मीठ आणि तिखट शेवटी: मीठ आधी घातलं तर पाणी सुटून त्या शिजतात, कुरकुरत नाहीत. मोठ्या कढईत ढीग घातला की खालच्या जळतात, वरच्या वाफवल्या जातात.

गार बटाट्याच्या घट्टपणाचा फायदा घ्यायचा तर कुमाऊं-गढवालचे आलू के गुटके करून बघा. तिथे मोहरीच्या तेलात जखिया नावाच्या बारीक, खमंग दाण्याची फोडणी करतात. आपल्याकडे तो क्वचितच मिळतो, त्याऐवजी जिरं घ्या. रात्री उकडून ठेवलेले बटाटे सकाळी मोठ्या फोडी करून हळद, धणेपूड, सुक्या लाल मिरच्या घालून परततात. गार फोड मोडत नाही आणि कडा छान खरपूस होतात. गरम बटाट्याने हे कधीच जमणार नाही. नेपाळात पाल्पा भागात चुकौनी करतात, ती तर आपल्या कोशिंबिरीची बहीणच: दही, उकडलेला बटाटा, कच्चा कांदा आणि वर मेथीदाण्याची हळद घातलेली फोडणी. बिहारचा चोखा त्याहून साधा, कुस्करलेल्या बटाट्यात कच्चा कांदा, मिरची, मीठ आणि कच्चं मोहरीचं तेल. तेल चांगलं असेल तर त्यात आणखी काहीही घालू नका.

शेवटी तुमच्या 20 पानांचा हिशेब. कोशिंबिरीला दीड किलो बटाटे, टांगल्यावर 800-900 ग्रॅम राहील इतकं दही. भाजीला अडीच किलो बटाटे. मीठ सरळ पटीत वाढवा, पण मिरची, हिंग आणि मेथी पटीत वाढवू नका. कोशिंबीर तिप्पट होते आहे, तेव्हा या तिघांचं प्रमाण दुपटीच्या थोडं वर ठेवा आणि चाखून बघा. जेवण साडेबाराला असेल तर साडेआठला बटाटे चढवा. सव्वानऊला कोशिंबिरीचे सोलून त्यांना कुटलेला मसाला, मीठ, लिंबू लावा. गार झाले की साडेदहाला फ्रीजमध्ये. मसाला आत गेलेला असतो, त्यामुळे आता थंडीने बिघडत नाही. पावणेबाराला भाजी फोडणीला, बारा वाजता दही, पानं मांडताना कूट आणि फोडणी. उन्हाळा असेल तर दह्यात घातलेली कोशिंबीर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका.

दही घालण्याआधी एक फोड मधोमध तोडून खा. आतला भाग अळणी लागला तर थोड्या पाण्यात मीठ आणि लिंबू कालवून चिंचेच्या कोळाइतकं कोमट करा, फोडींवर शिंपडा आणि दहा मिनिटं थांबा. पूर्ण नाही, पण बरंचसं सावरतं. आणि कोशिंबीर उरली तर लगेच फ्रीजमध्ये टाका. संध्याकाळी ती हाताने कुस्करून थालीपिठाच्या भाजणीत मळा, वेगळं पाणी जवळजवळ लागत नाही. दह्यामुळे थालीपीठ खुसखुशीत होतं, वर लोण्याचा गोळा मात्र हवा.